अर्धं कोर्ट

देवळाली कॅम्प
१७ जानेवारी १९९९

चि. दीपमाला,

सकाळी खंडेरावाच्या टेकडीवर जाऊन आलो. तिथं तुझं नाव घेतलं आणि खाली येऊन लिहायला बसलो. बंगलोरचा तुझा पत्ता दस्तूरसाहेबांकडून मिळाला. ते क्लबचे सेक्रेटरी, तुझं सर्टिफिकेट त्यांच्या सहीनं जायचं होतं, म्हणून तू पत्ता त्यांना दिलास आणि घरी दिला नाहीस, असं मी धरून चालतो. आईलाही तसंच सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं बरंय. तुम्हाला कशालाबी कारण सापडतं."

तू तिथं लहान मुलींना टेनिस शिकवतेस असं साहेब म्हणाले. कोर्ट मुरमाचं आहे की सिमेंटचं? सिमेंटचं असेल तर गुडघे सांभाळ.

इकडे सगळं ठीक आहे. आई पहाटे मेथीच्या जुड्या बांधून चुलत्याच्या टेम्पोनं नाशिकला धाडते. मी कोर्टावर. तेच पाणी मारणं, तोच रूळ, त्याच चुन्याच्या रेघा. मग साहेब लोक आले की समोर उभं राहून त्यांना चेंडू मारून द्यायचे. मार्करच्या कामात नवीन काय असणार.

नाताळानंतरची आपली स्पर्धा पार पडली. मिक्स्ड डबल्सची फायनल रविवारी झाली, मधल्या कोर्टावर. खुर्चीत अंपायर होता. पूर्ण तीन सेट झाले. चहाची घंटा वाजली तरी कुणी उठलं नाही. हे तुला कळावं म्हणूनच खरं तर हे पत्र.

जिंकली ती वेदिका नावाची मखमलाबादची मुलगी. घरचा शेवंतीचा मळा आहे. तिची आजी झुंबरबाई बाजारात फुलं विकते. ती नातीबरोबर येते आणि कुंपणाच्या जाळीपाशी जमिनीवरच बसते, खुर्ची दिली तरी बसत नाही. मॅचच्या आधी तिनं मला हळूच विचारलं, "मार्करदादा, आमची पोर पोराबरुबर खेळती. लोक हसणार तर नाय ना?"

मी म्हटलं, "आता मिक्स्डला कुणी हसत नाही, आजी."

"मंग आधी हसायचे?"

"हसायचे."

"मंग लय बरं झालं. आमी उशिरा आलो," ती म्हणाली आणि पदरातले शेंगदाणे मला देऊ लागली.

गेल्या वर्षीच्या विजेत्यांची नावं हॉलमधल्या लाकडी बोर्डावर चढली आहेत. पेंटर सगळ्यांचं पहिलं अक्षर आणि आडनाव लिहितो, कारण जागा कमी. तुझ्या जोडीदाराचं, राजचंही तसंच लिहिलं आहे. तुझं मात्र पूर्ण आहे. दीपमाला पुंजा पाळदे. पेंटर म्हणाला, जाताना ताई सांगून गेल्या होत्या. मी बोर्डापुढं फार वेळ थांबलो नाही. बाहेर चेंडू काढून द्यायचे होते.

जेवणात कसूर करू नकोस.

तुझे नाना


देवळाली कॅम्प
२२ ऑगस्ट १९९९

चि. दीपमाला,

उद्या श्रावणातला दुसरा सोमवार. तू उपास धरतेस की सोडलास, माहीत नाही. आई तुझ्या वाटचाही धरते.

आधीच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी उत्तरासाठी लिहिलंच नव्हतं, असं आईला सांगितलं. ती माझ्याकडं बघून मेथी निवडायला लागली.

पावसामुळे कोर्ट बंद आहेत. मी व्हरांड्यात बसून जाळ्या विणतो. हात चालू असले की जुनं डोळ्यासमोर येतं. तू शाळेत होतीस तेव्हापासून आपण दोघं ती रविवारची मिक्स्ड खेळायचो. सगळ्या फायनल संपल्या, बक्षिसं वाटून झाली, की टोपीत चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायचे. बायका चपला काढून उतरायच्या. साहेब लोक एका हातात ग्लास धरून सर्व्हिस करायचे. "लेडीजला हळू हं," असा सगळीकडून गलका व्हायचा. बक्षीस म्हणून थर्मास, नाहीतर जेवणाचा डबा. क्लबच्या नोकरानं स्पर्धेत उतरायचं नाही हा नियम पहिल्यापासूनचा. पण मिक्स्ड कुणी स्पर्धेत धरतच नव्हतं. म्हणून पुरुष कमी पडला की मला हाक मारायचे आणि बाई कमी पडली की तुला. कुणी मनावर न घेतलेल्या खेळात आपल्याला जागा मिळाली. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. देवळाच्या पायरीवरूनही दर्शन होतंच.

तुला मात्र वाटायचं. समोरचे साहेब मुद्दाम हळू चेंडू टाकायचे आणि तू तो त्यांच्या पायावर मारायचीस. घरी येऊन आईला म्हणायचीस, "हळू मारतात म्हणजे मी तिथं नाहीच असं धरतात ना?" आईला त्यातलं काही कळायचं नाही. ती म्हणायची, "अगं, हळू मारत्यात तर बरंच हाय की, लागत नाय."

दुसऱ्या जोड्यांत पुरुष इकडून तिकडं धावून बाईच्या वाटचाही चेंडू घ्यायचा. बाई जाळीपाशी नुसती उभी, समईसारखी. मी तुझ्या अर्ध्यात कधी पाऊल टाकलं नाही. चेंडू मधोमध आला की मी "तुझा" म्हणून ओरडायचो. त्यात काही वेळा हरलोही. दस्तूरसाहेब एकदा म्हणाले, "अरे पुंजा, तू धावला असता तर पॉइंट तुमचा होता नी." मी म्हटलं, "साहेब, तो तिचा होता." त्यावर त्यांनी खांदे उडवले. तू मात्र त्या दिवशी घरी येईपर्यंत गुणगुणत होतीस.

मग कॉलेजात गेल्यावर तू ते काम अंगावर घेतलंस. मिक्स्डला अंपायर द्या, पूर्ण सेट द्या, एकेरीइतकंच बक्षीस द्या, जिल्ह्याचे गुण द्या, बोर्डावर नाव लावा. सायकलवरून तू मेंबरांच्या बंगल्यांवर जायचीस. गंगापूर रोडला जिल्हा संघटनेच्या लोकांना भेटायला बसनं किती वेळा गेलीस, ते तूच जाणे. एक मेंबर तुला म्हणाले होते, "भेळेला कुणी ताट मागतं का?" तू म्हणालीस, "भेळ तुम्ही करून ठेवलीत, साहेब." मी चेंडू वेचत होतो, खाली मान घालून हसलो.

त्या बोर्डावर आपल्या दोघांचं नाव लागेल, असं तुझ्या मनात होतं. माझ्याही होतं. तेव्हा बोललो नाही, एवढंच.

मग ती सकाळ. मी दोरी ताणून चुना ओढत होतो, तू पाण्याचा पाइप गुंडाळत होतीस. दस्तूरसाहेब लांबूनच हात हलवत आले. मंजूर झालं, सगळं मंजूर झालं. पण मिक्स्ड आता स्पर्धेत आली, म्हणजे स्पर्धेचा नियम तिलाही लागू. नोकर खेळू शकत नाही. हे शेवटचं त्यांना माझ्या तोंडावर बोलवेना. ते नुसते उभे राहिले. भला माणूस आहे. म्हणून मीच म्हटलं, "साहेब, राजबरोबर खेळेल ती. राजचा बॅकहॅन्ड चांगला आहे." तू हातातला पाइप तिथंच टाकलास.

त्यानंतर तू मला जे बोललीस ते मी इथं लिहीत नाही. आईलाही सांगितलेलं नाही. तू खेळलीस, जिंकलीस, कप टेबलावर तसाच ठेवलास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस.

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. रूळ ओढताना विचार करायला वेळ मिळतो. तू एवढ्या कष्टानं उभं केलेलं, ते एका माणसासाठी अडायला नको होतं. देवापुढं उभं केलं तरी मी हेच सांगेन.

पाऊस थांबला की कोर्ट नंबर दोनचा मुरूम बदलायचा आहे.

तुझे नाना


देवळाली कॅम्प
१२ ऑक्टोबर २०००

चि. दीपमाला,

दसरा झाला. खंडेनवमीला रूळ, दोरी आणि रॅकेटी मांडून पूजा केली. झेंडू वेदिकाच्या आजीनं आणून दिला. तुझी रॅकेटही मांडली होती. तारा ढिल्या झाल्या आहेत.

आज लिहिण्यासारखं आहे. यंदा स्पर्धेचं पन्नासावं वर्ष. मेंबर लोकांत एक विचार निघाला आहे, की मिक्स्ड पूर्वीसारखी करावी. कारण मेंबरांच्या घरच्या बायका आता उतरत नाहीत. फार जोरात मारतात म्हणतात. बाहेरची मुलं येऊन कप नेतात आणि शेवटच्या रविवारची मजा गेली. तेव्हा पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा थर्मास. अंपायर नाही, गुण नाहीत. आणि स्पर्धेत धरायची नाही म्हटल्यावर कुणीही खेळावं.

दस्तूरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावून खुर्चीवर बसवलं. म्हणाले, "पुंजा, मी तुझ्या पोरीला लिहिलं. पन्नासावं वर्ष, ये म्हटलं. काय लिहिते बघ." आणि तुझं कार्ड माझ्यापुढं ठेवलं. एकच ओळ. *नानांबरोबर खेळता येणार असेल तर येईन.*

अक्षर तुझंच. मी ते कार्ड हातात घेतलं, पण चष्मा घरी राहिला आहे असं म्हणालो. साहेबांनी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

घरी सांगितल्यावर तुझी आई उभ्या जागी खाली बसली. मग उठली आणि माळ्यावरून माझे पांढरे कपडे काढून धुवायला घेतले. मी म्हटलं, अजून सभा व्हायची आहे. ती म्हणाली, "सभेला व्हायचं ते होऊ द्या. पोरगी येती म्हणली ना? तुम्ही मधे बोलू नका म्हंजे झालं." दुसऱ्या दिवशी तिनं तुझ्या खोलीतल्या कांद्याच्या पाट्या बाहेर काढल्या आणि भिंतीला चुना दिला. क्लबचाच चुना होता, मी उरलेला आणून दिला.

मी सकाळी भिंतीवर चेंडू मारून पाहिले. डावा गुडघा बोलतो, पण सर्व्हिस जाते. तुझ्या बाजूला चेंडू आला की तू कशी हलायचीस ते आठवून पाहिलं. तू जाळीकडं निघालीस की मी मागं सरकायचो, ते पायांना अजून येतं.

सभा पुढच्या महिन्यात आहे. मला कुणी काही विचारू नये, असं मी टेकडीवर मागून आलो. देवाकडं काही मागायची सवय नाही, त्यामुळे नीट मागता आलं नाही.

तुझे नाना


देवळाली कॅम्प
२० नोव्हेंबर २०००

चि. दीपमाला,

काल सभा झाली. तुला दस्तूरसाहेबांकडून कळेलच, पण माझ्याकडून आधी कळावं.

सभेच्या आदल्या आठवड्यात वेदिका सरावाला आली होती. तिला आता गंगापूर रोडच्या कॉलेजात खेळाडूंसाठीच्या जागेवर घेतलं आहे, राहायला हॉस्टेलही. एकेरीत ती साधारण आहे. जाळीपाशी मात्र तिचे हात असे चालतात, की तुझी आठवण येते. तिला मिळालं ते सगळं मिक्स्डच्या गुणांवर. ती मला म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी गुण धरणार नाहीत का? मॅडम म्हणाल्या, नाही धरले तर जागा राहणार नाही." मी म्हटलं, मला माहीत नाही. झुंबरबाई जाळीपाशी बसली होती. ती म्हणाली, "अगं, त्यांना काय इचारती. मार्करदादा पाणी मारत्यात, कायदा नाय करत." खरंच होतं ते. मी पाणी मारत होतो.

सभेत मी दाराशी चहाची किटली घेऊन उभा होतो. बोलणं लांबलं नाही. शेवटी दस्तूरसाहेब उठले. म्हणाले, "दुसरं एक कारण आहे. आपल्या पुंजानं या क्लबच्या मातीत आयुष्य घातलं. तो आणि त्याची पोरगी ह्या वर्षी परत साथे खेळणार. तेवढ्यासाठी तरी हे करूया." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी बाई म्हणाल्या, "किती गोड." आणि मग साहेबांनी मला आत बोलावलं. "बोल पुंजा, खूश नी?"

मी किटली खाली ठेवली. खरं सांगतो, हो म्हणायचंच ठरवून मी कपडे बदलून आलो होतो. आईनं धुतलेला पांढरा सदरा अंगात होता.

मी म्हटलं, "साहेब, माझ्यासाठी करत असाल तर नको."

"अरे, पण पोरगी येईल नी तुझी."

"हो साहेब."

"मग?"

"तिनं हे मागून घेतलंय. ते मी परत कसं देऊ?"

मागून एक मेंबर म्हणाले, "घ्या. ज्याच्यासाठी करायचं त्यालाच नको." थोडे हसले. मग साहेबांनी हात वर करायला सांगितलं. माझ्यामुळे किती हात खाली राहिले ते मी मोजले नाहीत. मिक्स्ड आहे तशीच राहिली. मधलं कोर्ट, अंपायर, गुण, सगळं.

म्हणजे मी खेळणार नाही. म्हणजे तू येणार नाहीस. हे मला तिथं उभं असतानाच कळत होतं.

आईला सांगायला मी वाटेत शब्द जुळवत आलो, पण तिला आधीच कळलं होतं. कॅम्पात बातमी माणसाच्या पुढं चालते. ती एक शब्दही बोलली नाही. अजून बोलत नाही. चहा देते, पण कप ठेवताना आवाज करते. माझी रॅकेट पिशवीत घालून माळ्यावर टाकली आहे आणि पिशवीच्या नाडीला अशी गाठ मारली आहे, की सुटणार नाही. तुझ्या खोलीत कांद्याच्या पाट्या परत नेल्या. चुना दिलेल्या भिंतीला टेकू नयेत म्हणून त्या मधोमध मांडल्या आहेत.

तू समजून घेशील असं मला वाटतं. हे काम तुझं होतं.

तुझे नाना


देवळाली कॅम्प
१८ डिसेंबर २०००

चि. दीपमाला,

काल मागच्या आळीत टेलरकडं तुझा फोन आला आणि त्यांनी आईला बोलावून नेलं. मी घरीच होतो. फोन आईसाठी होता, म्हणून मी गेलो नाही.

ती परत आली आणि चुलीपुढं बसली. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलली. तिनं जसं सांगितलं तसं लिहितो, म्हणजे त्यात काही कमीजास्त असेल तर तू मनात दुरुस्त कर.

ती म्हणाली, "पोरीनं निरोप दिलाय. म्हणली, नानांना सांग, तुम्ही बरोबरच केलं असंल. तुम्ही कायमच बरोबर करता. पहिल्या वेळी राजबरोबर खेळंल म्हणून सांगून टाकलं, मी तिथं पाच पावलांवर उभी होते. मला इचारलं नाय. आता बी नाय इचारलं. माझं मागितलेलं मी परत दिलं असतं का नसतं, ते मला तर इचारायचं. कोर्टावर तेवढं तुझा-तुझा म्हणायचे."

मी म्हटलं, "अजून काय म्हणाली?"

"म्हणली, माझ्यासाठी एकदा तरी चुकले असते, तर काय झालं असतं?"

आईनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "सापडतंय का आता कारण?"

पहिल्या वेळी, पाइप टाकलास तेव्हा, तू हेच विचारलं होतंस. "मला विचारलंत का?" एवढंच. ते मी मागच्या एका पत्रात लिहिलं नव्हतं.

मला कारण सापडलेलं नाही.

नाना


देवळाली कॅम्प
८ जानेवारी २००१

चि. दीपमाला,

काल स्पर्धा संपली. तू आली नाहीस. स्टेशनवर मी गेलो नव्हतो, पण गाडीची वेळ झाली तेव्हा रूळ थांबवला होता.

फायनलच्या दिवशी मधलं कोर्ट कसं ठेवायचं ते तुला माहीत आहे. आदल्या संध्याकाळी पाणी, पहाटे रूळ, मग रेघा, आणि त्यानंतर खेळाडू उतरेपर्यंत कुणाचंही पाऊल पडू द्यायचं नाही. कमांडंटसाहेबांच्या कुत्र्यालाही मी दगड दाखवला आहे. माझ्या हातून त्यात कधी फरक पडलेला नाही.

काल पहाटे निघताना मी आईला म्हटलं, "चल."

"कुठं?"

"क्लबात."

एवढ्या वर्षांत ती क्लबाच्या फाटकापर्यंतच आली आहे, भाकरी द्यायला. ती मला वेडा झालाय का असं बघत राहिली. मग पदर खोचून निघाली. माळ्यावरची पिशवीही तिनंच काढली. गाठ तिलाही सुटली नाही. शेवटी तिनं नाडी विळीवर कापली.

कोर्ट तयार होतं. रेघा ओल्या होत्या. ती कडेला थांबली आणि म्हणाली, "चपला कुठं काढू?" मी म्हटलं, इथं चपला घालून चालतं. तरी तिनं काढल्याच. वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि आत गेली. तुझी रॅकेट तिला दिली. टोपलीतले चेंडू तिच्या पायाशी ठेवले आणि मी जाळीच्या या बाजूला येऊन उभा राहिलो. माझ्या अर्ध्यात, डावीकडं. उजवीकडचं अर्धं रिकामं.

तिला जमेना. पहिले चेंडू जाळीतच गेले. "झाडूनं मारल्यागत मार," मी म्हटलं. "झाडूनं मी तुम्हालाच मारीन," ती म्हणाली. आणि मग चेंडू यायला लागले. माझ्याकडं आलेला मी परत मारला. मग एक तुझ्या बाजूला गेला. मी हललो नाही. तो टप्पा घेऊन मागं कुंपणाला जाऊन लागला.

"अहो, घ्यायचा की," आई म्हणाली.

"तो माझा नाही."

पुढचाही तिकडंच गेला. मी उभाच. ती रॅकेट खाली धरून माझ्याकडं बघत राहिली. मग त्या रिकाम्या अर्ध्याकडं बघितलं. मग टोपलीतला एक चेंडू उचलला आणि नेम धरून तिकडं मारला. मग दुसरा. तिला आता माझ्याकडं मारायचंच नव्हतं. एकेक उचलायची, तोंडानं काहीतरी पुटपुटायची आणि तिकडं मारायची. काय पुटपुटत होती ते मला ऐकू आलं नाही. टोपली रिकामी होईपर्यंत ती मारत राहिली. मग ती इकडं आली आणि तुझ्या बाजूचे सगळे चेंडू आम्ही दोघांनी वेचले. कोपऱ्यापासून जाळीपर्यंत तिच्या अनवाणी पावलांचे ठसे उठले. टाचेला भेग आहे, तीही दिसत होती.

रूळ फिरवायला वेळ होता. मी माझ्या अर्ध्यावर फिरवला. आई जिथं उभी होती तिथं फिरवला. तुझ्या अर्ध्यावर फिरवला नाही.

दस्तूरसाहेब आले ते थबकलेच. "पुंजा, हे काय?"

"पावलं आहेत, साहेब."

"ते मला दिसते. कोणाची?"

"आमच्या घरातलीची."

"रूळ?"

"तेवढ्या भागाला फिरवला नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडं. चष्मा काढून पुसला. वर कमिटीचे लोक यायला लागले होते. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलले असते तर मी ऐकून घेतलं असतं. ते म्हणाले, "चल, बॉल काढ."

वेदिका त्या अर्ध्यात येऊन उभी राहिली. तिनं खाली बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता सर्व्हिस घ्यायला वाकली. पहिल्या सेटमध्ये एक चेंडू टाचेच्या खड्ड्यात पडून भलतीकडंच उडाला आणि तिचा पॉइंट गेला. एक मेंबर म्हणाले, मार्करचं लक्ष उडालंय, वय झालं. ती मॅच तिसऱ्या सेटला हरली. त्या एका पॉइंटमुळे हरली असं नाही, पण तो गेला हे खरं. जिल्ह्याचे गुण उपविजेत्यालाही मिळतात. झुंबरबाई जाताना मला म्हणाली, "हरली तं हरली. पण कुणी हळू नाय मारलं." मी वेदिकाजवळ जाऊन ती पावलं कशी आली ते सांगितलं. ती म्हणाली, "दीपमाला ताईंच्या आईची?" आणि बाटलीतलं पाणी प्यायली.

आईनं आत्ता विचारलं, "बोलावलं का तिला पत्रात?" मी म्हटलं, नाही, झालं तेवढं लिहिलंय. ती म्हणाली, "बरं केलं." कप ठेवला, आवाज न करता.

आज सोमवार, क्लब बंद आहे. पावलं अजून तशीच आहेत, थोडी पुसली आहेत खेळण्यात. उद्या सकाळी पाणी मारावं लागेल.

नाना